वांझ बुरशी : बीदरच्या तुरीपासून जेनोव्हाच्या चेस्टनटपर्यंत

हळ्ळीखेड (बी) हे गाव हुमनाबाद आणि बीदर यांच्या दरम्यान ज्या पट्ट्यात वसले आहे, तो पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, आणि कानडी, मराठी व दखनी उर्दू या तिन्ही भाषा तेथील बाजारात आजही एकाच वेळी कानावर पडतात. गावाच्या नावातील 'बी' हे अक्षर 'बुजुर्ग' या शब्दाचे, म्हणजे मराठी मुलखातील 'बुद्रुक'चे, आखूड रूप आहे. या भाषामिश्रणामुळे पिकांच्या रोगांनाही येथे जोडनावे मिळाली आहेत. फुलोऱ्याच्या सुमारास तुरीचे झाड उभ्या-उभ्या वाळू लागले की मराठी बोलणारा शेतकरी त्याला मर म्हणतो आणि कानडी बोलणारा नेटे रोग म्हणतो. पण झाड हिरवेगार, दाट पानांचे राहूनही त्याला फूल किंवा शेंग धरत नसेल, तर मराठीत ते वांझ आणि कानडीत गोड्डु ठरते. गोड्डु हा शब्द मुळात न विणाऱ्या गाईम्हशींसाठी वापरला जातो. मरणे आणि वांझ राहणे या दोन आपत्ती वेगळ्या आहेत, हे ज्ञान या शब्दांमध्ये वैज्ञानिकांच्या आधीपासून साठवलेले होते. एका आपत्तीमागे बुरशी आणि दुसरीमागे विषाणू आहे, हे सिद्ध व्हायला मात्र जवळजवळ संपूर्ण विसावे शतक लागले. आणि त्याच शतकात, येथून हजारो मैलांवरच्या जंगलांत, विषाणू बुरशीलाच वांझ करू शकतो आणि त्यामुळे मरू घातलेले झाड वाचते, असा एक विलक्षण शोध लागला. वृक्षरोगांच्या इतिहासातील त्या शोधाचे महत्त्व तुरीच्या या मुलखातून पाहिले असता अधिक स्पष्ट दिसते, कारण वांझपणा म्हणजे काय हे येथे कुणाला नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

तुरीच्या मर रोगाचा शास्त्रीय अभ्यास बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या शेती संशोधन संस्थेत सुरू झाला. तेथील आयरिश कवकशास्त्रज्ञ एडविन जॉन बटलर यांनी १९०६ साली या रोगाची नोंद केली आणि १९१० साली त्याला कारणीभूत असलेल्या बुरशीला फ्युजॅरियम उडम असे नाव दिले. ही बुरशी जमिनीत राहते, मुळांच्या टोकांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांमध्ये आपले तंतू पसरवते. हे तंतू आणि झाडाने त्यांच्या प्रतिकारासाठी निर्माण केलेले डिंकासारखे द्रव्य यांनी नलिका बुजल्या की जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. रोगट झाड ओळखण्याची खूण खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा बाहेरून दिसतो, आणि त्या जागी साल सोलून खोड उभे चिरले की आत पांढऱ्या लाकडात काळपट-तपकिरी रेघा ओढल्यासारख्या उमटलेल्या असतात. कापणीनंतर शेतात राहिलेल्या धसकटांत ही बुरशी तीन वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणून तूर त्याच वावरात पुन्हा घेतली की मर वाढते. ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी पेरण्याची दख्खनची जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची होती, कारण ज्वारीच्या सोबतीने मर कमी होते हे पुढे प्रयोगांनीही दाखवून दिले. सलग तुरीचे क्षेत्र वाढत गेले आणि कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्हा 'तुरीचे कोठार' म्हणून ओळखला जाऊ लागला, तसे ते जुने संरक्षण सैल पडले. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

हुमनाबादवरून जहिराबादमार्गे हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर, हैदराबादच्या अलीकडे, पाटणचेरू लागते. १९७२ साली तेथे इक्रिसॅट, म्हणजे अर्धशुष्क उष्ण प्रदेशांतील पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, उभी राहिली आणि तुरीच्या मर रोगावरील कामाला वेग आला. तेथील संशोधकांनी एखादे शेत मुद्दाम रोगट करून घेण्याची पद्धत अवलंबिली: मर लागलेली खोडे बारीक करून मातीत मिसळायची, त्याच जागी वर्षानुवर्षे रोगाला बळी पडणारी तूर पेरायची, आणि अशा विषारी झालेल्या मातीत जे वाण तग धरतील तेवढेच पुढे न्यायचे. महाराष्ट्रातून मिळालेल्या एका गावरान तुरीतून या कसोटीवर निवडलेला वाण 'मारुती' या नावाने १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला, आणि उत्तर कर्नाटकातल्या मरग्रस्त जमिनींत तो झपाट्याने पसरला. मरेला दाद न देणारा हा वाण वांझ रोगापुढे मात्र दुबळा होता, म्हणजे एका शत्रूला दार बंद करताना दुसऱ्यासाठी ते उघडे राहिले.

वांझ रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३१ साली पुसा येथेच झाली. या रोगात पाने लहान होतात, त्यांवर फिकट व गडद हिरव्या छटांची नक्षी उठते, फांद्या झुडपासारख्या दाटतात आणि फुले येत नाहीत. कोवळ्या वयात, म्हणजे पेरणीनंतर साधारण दीड महिन्याच्या आत, लागण झालेल्या झाडापासून जवळजवळ काहीच उत्पन्न मिळत नाही. झाड मरत नाही, उलट कापणीच्या वेळी आसपासची निरोगी तूर पिवळी पडलेली असताना तेच हिरवे उठून दिसते, म्हणून या रोगाला 'हिरवी महामारी' असेही म्हटले गेले. डोळ्यांना सहजासहजी न दिसणारी एक कोळी जातीची कीड हा रोग वाऱ्यावरून वाहून नेते, हे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी कळले, परंतु कीड ज्याची वाहक होती तो विषाणू हाती लागायला २००० साल उजाडले. सत्तर वर्षांच्या या शोधातून उरलेली मूळ गोष्ट अशी की विषाणूने आपल्या यजमानाला, म्हणजे ज्याच्या शरीरात तो वाढतो त्या जीवाला, जिवंत ठेवून निष्फळ केले.

नेमका हाच व्यवहार बुरशीच्या बाबतीतही घडतो. बुरशी ही वनस्पतींची वैरी म्हणून इतकी परिचित होती की तिला स्वतःलाही रोग होऊ शकतो, ही कल्पना कवकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिरलीच नाही. बटलर यांचा १९१८ सालचा ग्रंथ आणि भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे बी. बी. मुंडकूर यांचे १९४९ सालचे पाठ्यपुस्तक यांवर भारतातील रोगशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या घडल्या, आणि त्या दोन्हींच्या काळात बुरशीचे विषाणू जगाला ठाऊकच नव्हते. ब्रिटनमधील हॉलिंग्ज यांनी १९६२ साली लागवडीच्या आळिंब्यांमध्ये, ज्या विचित्रपणे लांबट होऊन वाळत होत्या, विषाणूचे कण प्रथम दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच पेनिसिलियम या बुरशीतही असे कण सापडले. ज्या पेनिसिलियमच्या जातीपासून जगभर आणि पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यातही पेनिसिलिन बनत असे, त्या जातीतही विषाणूंचा वास असतो हे कळले. बुरशीत राहणाऱ्या विषाणूला बुरशीविषाणू म्हणतात. यांतले बहुसंख्य विषाणू यजमानाला दृश्य असा कोणताही त्रास न देता पिढ्यानपिढ्या त्याच्यासोबत राहतात, आणि म्हणूनच थोडे जे त्याला खरोखर आजारी पाडतात त्यांचा इतिहास विशेष मोलाचा ठरतो.

तो इतिहास चेस्टनटच्या झाडापाशी सुरू होतो. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या उद्यानात १९०४ साली हर्मन मर्केल या मुख्य वनरक्षकाला चेस्टनटच्या खोडांवर खोलगट व्रण आणि त्यांवर नारिंगी ठिपके दिसले. मरिल या कवकशास्त्रज्ञाने १९०६ साली त्या बुरशीचे वर्णन करून तिला डायापोर्थे पॅरासिटिका असे नाव दिले. पुढे ती दुसऱ्या वंशांत हलवली गेली आणि आज तिला क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका म्हणतात, तरीही मरिल यांनी निवडलेले ते पहिले नाव लक्षात ठेवावे, कारण कडुलिंबाच्या संदर्भात ते पुन्हा भेटणार आहे. पूर्व आशियातून आणलेल्या रोपांसोबत ही बुरशी अमेरिकेत आली होती; १९१३ साली ती चीनमध्येही आढळली, आणि तेथील चेस्टनटची झाडे तिच्यासह बहुतांशी सुखरूप जगत असल्याचे दिसून आले. अमेरिकी झाडांजवळ तसा प्रतिकार नव्हता. सालीतल्या एखाद्या फटीतून बुरशी आत शिरे, सालीखालचा जिवंत थर खात खोडाला वेढा घाली आणि वेढा पूर्ण झाला की त्यावरचा सारा भाग वाळून जाई. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ साली खास आयोग नेमून रोगट झाडे तोडण्याचा प्रयत्न केला, पण वारा, पाऊस, पक्षी आणि कीटक यांच्याबरोबर पसरणाऱ्या बीजाणूंना, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बीजांना, कोणतीही हद्द अडवू शकली नाही. अर्ध्या शतकात सुमारे ४०० कोटी झाडे गेली असा अंदाज केला जातो. मुळे मात्र जमिनीखाली जिवंत राहिली, त्यांना नवे फुटवे येत राहिले, आणि ते थोडे जाड झाले की पुन्हा बुरशी त्यांना गाठत राहिली.

१९३८ साली ही बुरशी इटलीत जेनोव्हा शहराजवळ आढळली, तेव्हा अमेरिकेचा अनुभव समोर असल्यामुळे युरोपातील चेस्टनटही संपणार असे भाकीत झाले. डोंगराळ इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये चेस्टनटला 'भाकरीचे झाड' म्हटले जात असे, कारण जेथे गहू पिकत नाही तेथे वाळवून दळलेल्या चेस्टनटच्या पिठावर कुटुंबे हिवाळा काढत. खोड ठरावीक वर्षांनी बुंध्याशी तोडून येणाऱ्या फुटव्यांपासून द्राक्षवेलींचे खांब आणि जळण घेण्याचाही तो व्यवसाय होता. भाकीत पूर्णतः खरे ठरले नाही. अंतोनियो बिरागी या रोगशास्त्रज्ञाला १९५१ च्या सुमारास जेनोव्हाच्या परिसरातील अशा फुटव्यांच्या वनात काही खोडांवरचे व्रण भरून येताना दिसले: बुरशी सालीत होती, पण ती वरच्या थरातच अडकली होती, खाली झाडाने नवी साल धरून जखमेला जाड कड आणली होती, आणि जी झाडे मरायला हवी होती ती फुगीर, खरखरीत व्रण वागवत वाढत होती. असे व्रण पाहणारे इतरही असतील, पण हे झाडाचे सामर्थ्य नसून बुरशीचे दौर्बल्य असू शकते, असा विचार पुढे नेण्याचे श्रेय फ्रान्समधील झाँ ग्रांत यांना जाते.

ग्रांत यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात बिरागी यांच्या झाडांवरून बुरशीचे नमुने नेले आणि प्रयोगशाळेत वाढवले. नेहमीची बुरशी काचेच्या बशीत नारिंगी रंगाची वाढते, ही मात्र पांढरी होती, तिला बीजाणू फार थोडे येत आणि झाडाच्या सालीत टोचल्यावर ती लहानसा व्रण करून थांबत असे. त्यापुढचा प्रयोग निर्णायक होता. एकाच बशीत नारिंगी आणि पांढरी बुरशी शेजारी-शेजारी वाढवल्या, तेव्हा दोघींचे तंतू जेथे भेटले तेथून नारिंगी बुरशीत एक पांढरा पट्टा पसरत गेला. त्या पट्ट्यातील बुरशी वेगळी काढली असता तीही आता दुबळी निघाली. दौर्बल्य संसर्गजन्य होते. ग्रांत यांनी या गुणासाठी अल्पमारकता या अर्थाचा शब्द योजला, आणि वनांत उपचाराचीही एक साधी रीत बसवली: रोगट झाडाच्या व्रणाच्या कडेने सालीत ओळीने छिद्रे पाडायची आणि प्रत्येकात पांढऱ्या बुरशीचा लगदा भरायचा, म्हणजे व्रण पसरता पसरता या लगद्याशी मिळतो आणि स्वतःच दुबळा होतो. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे उपचार चेस्टनटच्या बागांमध्ये मोठ्या प्रमाणावर झाले आणि अनेक ठिकाणी रोग आटोक्यात आला.

तंतूंच्या भेटीतून काय पसरते, हे कळायला अमेरिकेतील कनेक्टिकटच्या कृषिसंशोधन केंद्राची मदत झाली. १९७२ साली ग्रांत यांचे नमुने तेथे गेले, १९७५ साली व्हॅन आल्फेन, जेन्स, अनाग्नोस्टाकिस आणि डे यांनी त्यांच्यावर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि १९७७ साली दुबळ्या बुरशीत दुहेरी धाग्याचा आरएनए, जो निरोगी बुरशीत नसतो, सापडल्याचे जाहीर झाले. दुहेरी धाग्याचा आरएनए हा अनेक विषाणूंच्या वाढीचा पुरावा असतो. तरीही सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा आक्षेप उरत होता. तो १९९२ साली दूर झाला. न्यू जर्सीतील रोश संस्थेत डोनाल्ड नस आणि गिल चोई यांनी या विषाणूच्या १२,७१२ अक्षरी जनुकसंहितेची डीएनए-प्रत बनवून ती विषाणूमुक्त बुरशीत घातली. त्या प्रतीपासून बुरशीच्या पेशीत विषाणू तयार झाला आणि निरोगी, मारक बुरशी दुबळी झाली. चेस्टनटच्या बुरशीच्या या विषाणूला हायपोव्हायरस म्हणतात. बहुतेक विषाणूंना प्रथिनांचे कवच असते, याला मात्र ते मुळीच नाही. तो बुरशीच्याच पेशीतील पडद्यांनी बनलेल्या सूक्ष्म पिशव्यांत राहतो, पेशीबाहेर कधी एकटा फिरत नाही आणि म्हणून हवेतून किंवा पाण्यातून स्वतः प्रवास करू शकत नाही. त्याच्या प्रवासाचे दोनच रस्ते आहेत: एक म्हणजे दोन बुरशींच्या तंतूंची सांधजोड होऊन एकमेकींचा पेशीरस मिसळणे, आणि दुसरा म्हणजे बुरशीने लैंगिक मिलनाशिवाय तयार केलेले बीजाणू, ज्यांच्या पोटात तो जातो. लैंगिक मिलनातून होणाऱ्या बीजाणूंमध्ये तो उतरत नाही.

यजमानावरील त्याचे परिणाम तुरीच्या वांझ रोगाची आठवण करून देणारे आहेत. बुरशी मरत नाही. तिचा नारिंगी रंग जातो, बीजाणूंची संख्या घटते, मादीचे कार्य करणारे अवयव तयार होणे थांबते, लाकडावर काम करणारी काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, कमी स्रवतात आणि झाडाच्या सालीवरील हल्ला बोथट होतो. बुरशीही निमूटपणे हे सोसत नाही. परक्या आरएनएचे तुकडे करणारी एक संरक्षणव्यवस्था तिच्या पेशीत असते, आणि विषाणू आपल्या एका प्रथिनाने ती व्यवस्था दडपतो, हे २००६-०७ च्या सुमारास नस यांच्या गटाने उलगडले. झाड, बुरशी आणि विषाणू या तिघांच्या झुंजीत मधल्याचे बळ खचते तेव्हाच पहिल्याला जखम भरून काढायला सवड मिळते.

युरोपात जे साधले ते अमेरिकेत साधले नाही, आणि या अपयशाचे कारण या इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. कोणत्याही दोन बुरशींचे तंतू एकमेकांशी जुळतातच असे नाही; जुळणी ठरवणारी जनुके दोन्हींत सारखी असली तरच सांधजोड टिकते, नाहीतर भेटीच्या जागच्या पेशी मरून जातात आणि विषाणूची वाट तेथेच बंद होते. चेस्टनटच्या बुरशीत अशी सहा जनुकस्थाने ओळखली गेली असून त्यांच्या जोडण्यांतून ६४ गट पडतात, असे १९९८ साली कोर्तेसी आणि मिलग्रूम यांनी दाखवले. युरोपातल्या अनेक भागांत बुरशीचे एक-दोनच गट प्रबळ होते, म्हणून विषाणूला सगळीकडे दारे उघडी मिळाली. अमेरिकेत एकेका वनात डझनावारी गट नांदत होते, आणि लैंगिक मिलनातून नवे गट व विषाणूमुक्त बीजाणू सतत निर्माण होत होते. दुसरेही एक कारण होते. फ्रान्समधून नेलेला विषाणू यजमानाला फारच लवकर निकामी करी, त्यामुळे आजारी बुरशीला पुढे विषाणू पोचवण्यापुरतेही बीजाणू येत नसत. इटलीतील सौम्य विषाणू बुरशीला दुबळी करूनही तिच्यात प्रसाराइतका जोम शिल्लक ठेवी, म्हणून तो निसर्गात आपला आपण फिरत राहिला. विस्कॉन्सिनमधील वेस्ट सेलम येथील चेस्टनटच्या वनात १९८७ साली रोग आढळला आणि १९९२ पासून तेथे अल्पमारक बुरशी सोडली गेली, तरी एका गटाला लागू पडलेला उपचार दुसऱ्या गटापाशी अडखळत राहिला. २०१६ साली झँग आणि नस यांनी सहांपैकी चार स्थानांवरील जनुके निकामी करून अशा बुरशी बनवल्या की ज्यांची सांधजोड जवळजवळ कोणत्याही गटाशी व्हावी आणि विषाणूचे दान अडू नये. हा उपाय कल्पकतेच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे यात शंका नाही, पण जनुकबदल केलेली बुरशी रानात सोडण्याचा निर्णय प्रयोगशाळेबाहेरच्या विचारालाही उत्तर देऊनच घ्यावा लागतो.

एल्म वृक्षांच्या मर रोगातही हाच धडा गिरवला गेला. ब्रिटनमधील क्लाइव्ह ब्रेझियर यांनी १९८३ साली एल्मच्या बुरशीत तंतूंच्या भेटीतून पसरणारा रोग दाखवला. त्यामागचे विषाणू बुरशीच्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणिकांत, राहतात आणि तिची वाढ मंद करतात. साथीच्या आघाडीवर एकाच गटाची बुरशी पसरत असताना हे विषाणू तिच्यात फैलावत होते, पण लवकरच बुरशीने दुसऱ्या जातीकडून जुळणीची नवी जनुके मिळवली, गट वाढले आणि विषाणू मागे पडला. जपानमध्ये फळबागांची मुळे कुजवणाऱ्या रोझेलिनिया या बुरशीतही अल्पमारकता आणणारा विषाणू २००९ साली सापडला, आणि चेस्टनट हा अपवाद नाही, ही खात्री बळावली.

बीदरच्या पठाराला जवळचा असलेला यातील एक धागा कडुलिंबाकडे जातो. गुढीपाडव्याला मराठी घरांत आणि युगादीला कानडी घरांत कडुलिंबाचा पाला, फूल आणि गूळ खाण्याची रीत येथे एकाच दिवशी एकाच गल्लीत पाळली जाते. देवळाच्या पारावर, विहिरीच्या थारोळ्यापाशी आणि शेताच्या बांधावर हेच झाड उभे असते. या झाडाच्या फांद्यांची टोके वाळण्याचा रोग गेल्या तीसेक वर्षांत दक्षिण भारतभर पसरला. म्हैसूर येथील संशोधकांनी १९९७ साली त्यामागील बुरशीला फोमॉप्सिस अझाडिराक्टे असे नाव दिले, आणि २०२१ च्या आगेमागे शेजारच्या तेलंगणात रस्तोरस्तीचे लिंब तांबूस पडलेले लोकांनी पाहिले. पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हा या रोगाचा भर असतो: कोवळ्या डहाळीचे टोक तपकिरी होते, पाने लटकत वाळतात, मोहोर करपतो, निंबोळ्या कुजतात आणि रोगी झाडाची फळधारणा जवळजवळ नाहीशी होते. चहाच्या मळ्यांतून ओळखला जाणारा एक ढेकूण जातीचा कीटक कोवळ्या शेंड्यांना टोचून बुरशीला वाट करून देतो. चैत्रात पुन्हा पालवी फुटत असल्यामुळे पाडव्याच्या दिवशी झाड बरे झाल्यासारखे वाटते, पण वाळलेल्या डहाळीच्या सालीत आणि बियांतही बुरशी टिकून असते. ज्या परंपरेत हेच झाड इतरांना औषध पुरवत आले, त्याच्याच आजाराची काळजी करण्याची वेळ आल्याचे दुःख पाराखाली बसणाऱ्या पिढीला विशेष जाणवते.

फोमॉप्सिस हे नाव बुरशीच्या लैंगिक मिलनाविना वाढणाऱ्या अवस्थेचे आहे. तिच्या लैंगिक अवस्थेचा वंश डायापोर्थे म्हणून ओळखला जातो, आणि २०११ साली एका बुरशीला एकच नाव असावे असा आंतरराष्ट्रीय निर्णय झाल्यापासून फोमॉप्सिसच्या जाती डायापोर्थेत सामावल्या जात आहेत. मरिल यांनी १९०६ साली चेस्टनटच्या बुरशीसाठी निवडलेले नाव ते हेच. वंश पुढे वेगळे ठरले तरी दोन्ही बुरशी आजही एकाच गणात, डायापोर्थेलीजमध्ये, मोडतात. दक्षिण आफ्रिकेत सफरचंद, नासपती आणि आलुबुखार यांच्या खुंटांवर व्रण करणाऱ्या डायापोर्थे अँबिग्वा या जातीत १९९६ साली अल्पमारक नमुने सापडले आणि २००० साली त्यांतील विषाणूची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. हा विषाणू हायपोव्हायरसच्या कुळातला नाही. त्याचे साम्य वनस्पतींच्या विषाणूंशी आहे, आणि त्यामुळे वनस्पती व बुरशी यांच्यातील सीमा विषाणूंनी पुरातन काळी ओलांडली असावी असा तर्क बळकट झाला. २०१७ साली तर चीनमधील बटाट्याच्या शेतातून घेतलेल्या ऱ्हायझोक्टोनिया बुरशीत काकडीवरील मोझेक विषाणू नैसर्गिकरीत्या राहत असल्याचे आढळले, म्हणजे झाडाचा विषाणू बुरशीचाही होऊ शकतो हे प्रत्यक्ष दिसले. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीचा वंश फ्युजॅरियम. त्या वंशातील कार्नेशन फुलझाडे मारणाऱ्या बुरशीत स्पेनमधील संशोधकांना २०१८ च्या सुमारास असाच एक विषाणू मिळाला, जो तिची वाढ आणि मारकता दोन्ही कमी करतो.

ज्या बुरशीचा प्रसार मुख्यतः लैंगिक मिलनाविना होणाऱ्या बीजाणूंवर चालतो, तिच्यात विषाणूला पुढच्या पिढीत शिरण्याचा मार्ग सर्वांत मोकळा असतो, आणि कडुलिंबाची बुरशी याच प्रकारची आहे. पावसाळी दिवसांत वाळलेल्या डहाळीच्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठतात, ओल लागली की त्यांच्या तोंडातून बीजाणूंचा चिकट लगदा बाहेर येतो, आणि पाण्याच्या थेंबाबरोबर तो खालच्या हिरव्या फांदीवर उडतो. जेनोव्हाच्या वनात सौम्य विषाणू एका खोडावरून दुसऱ्यावर गेला तो अशाच ओल्या सालीवरच्या, अशाच बीजाणूंच्या पोटातून.